‘साइड’ म्हणजे काय? बाटलीवरचा शब्द वाचा

फवारणीच्या प्रत्येक बाटलीला आपण सरसकट ‘औषध’ म्हणतो. बाटलीवर मात्र इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड किंवा हर्बिसाइड असा शब्द छापलेला असतो. यातील ‘साइड’ म्हणजे बाजू नव्हे. लॅटिन भाषेतील ‘काएदेरे’ या क्रियापदाचा अर्थ कापणे, ठार मारणे असा आहे. त्यावरून आलेला ‘साइड’ म्हणजे मारणारा, आपल्या मराठीत ‘नाशक’. कोणाला मारणारा, हे शब्दाचा पहिला भाग सांगतो.

इन्सेक्टिसाइड : ‘इन्सेक्टम’ म्हणजे खाचा पडलेला. कीटकाचे शरीर डोके, छाती व पोट अशा तीन भागांत विभागलेले असते, त्यावरून हे नाव पडले. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या लाल कोळ्याला आठ, म्हणजे तो कीटक नव्हे. म्हणूनच अनेक कीटकनाशके फवारूनही कोळी आटोक्यात येत नाही. त्यासाठी कोळीनाशक लागते.

फंगिसाइड : ‘फंगस’ म्हणजे अळंबी. अळंबी ही बुरशीच होय. मँकोझेब हे बुरशीनाशक आहे. फुलकिडे व कोळी रस शोषू लागल्याने मिरचीची पाने चुरडली असतील, तर तेथे मँकोझेबवर केलेला खर्च वाया जातो.

हर्बिसाइड : ‘हर्बा’ म्हणजे गवत, हिरवी वनस्पती. मूळ शब्दात तण आणि पीक असा भेदच नाही! गहू, ज्वारीतील रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी वापरतात. पण कपाशीही रुंद पानांचीच आणि या तणनाशकाला अतिशय नाजूक. वाऱ्याने आलेले तुषार किंवा न धुतलेल्या पंपातील अंशदेखील तिची पाने चिंचोळी व वेडीवाकडी करतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कीटकनाशक कायदा, १९६८ मध्ये बुरशीनाशके व तणनाशकेही ‘कीटकनाशक’ याच नावाखाली येतात. त्यामुळे दुकानावरील पाटीवरून बाटलीत काय आहे ते कळत नाही.

तेव्हा खरेदीपूर्वी ‘साइड’च्या अलीकडचा शब्द वाचावा, आपल्या शेतातील शत्रू तोच आहे का याची खात्री करावी आणि तणनाशकासाठी स्वतंत्र पंप ठेवावा. ‘औषध’ म्हटले तरी बाटलीत विषच आहे, हे विसरू नये. हातमोजे व तोंडावर मास्क लावूनच फवारणी करावी.