टाटाच्या गोळ्या आणि गल्लीतलं मेडिकल
औषधं समजून घेताना : भाग ७

तंबाखू-सुपारीच्या आपल्या पट्ट्यात तोंडाचा कॅन्सर नवा नाही. बुऱ्हाणपूरचे पेशंट कोणी इंदूर गाठतात, कोणी जळगाव, कोणी गाडीने थेट परळचं टाटा. आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर काहींना सलाईनऐवजी गोळ्या मिळतात : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब रोज दोनदा. ‘गोळ्या देऊन वाटेला लावलं,’ असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. टाटाच्या डॉक्टरांनी ४२२ पेशंटवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सिस्प्लॅटिनचं सलाईन घेणाऱ्यांपैकी निम्मे ६.१ महिन्यांपुढे जगले. गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्मे ७.५ महिन्यांपुढे. शिवाय गंभीर त्रास कमी.

पण सेलेकॉक्सिब वेदनाशामकांच्याच घराण्यातली. मेथोट्रेक्सेट मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं. वेदनाशामकांमुळे किडनीचा रक्तपुरवठा घटू शकतो, मग ते अंगात रेंगाळतं. म्हणजे ही जोडी मुळात जोखमीचीच; फक्त तिथे मात्रा तोलून दिलेली असते आणि रक्त, क्रिएटिनिन तपासत राहतात. घोळ होतो तिसऱ्या गोळीने. जबडा ठणकतो, मुलगा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणतो. दुकानदाराला टाटाची फाइल ठाऊक नसते, टाटाला ही पट्टी. लघवीच्या जळजळीवर कोणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं तर आणखी वाईट. त्यातलं ट्रायमेथोप्रिम आणि मेथोट्रेक्सेट, दोन्ही फॉलिक अ‍ॅसिडचं काम एकाच पायरीवर अडवतात आणि नव्या रक्तपेशी तयार होणंच मंदावतं.

याची पहिली खूण बऱ्याचदा तोंडातच दिसते. गालाच्या आत, जिभेच्या कडेला सोलल्यासारखं होतं, साधं पाणीही झोंबतं. ज्याच्या तोंडातच गाठ, त्याच्या घरी हे कोणाच्या ध्यानात येणार? आजार वाढला असं समजून वेदनाशामक दुप्पट होतं. तोंड नव्याने आलं, ताप चढला, अंगावर लाल ठिपके उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासायला हवं. आणखी एक : मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या नोंदी जगभर आहेत. पर्चीवर ‘दर रविवारी’ असं वाराचं नाव लिहून घ्या.

एकाचं औषध दुसऱ्याला ठाऊक नसलं तर काय होतं, ते जपानने पाहिलंय. तिथे १९९३ साली नागिणीवरचं सोरिव्ह्युडिन हे नवं औषध बाजारात आलं. फ्लोरोयुरॅसिल गटातली कॅन्सरची औषधं चालू असलेल्यांनी ते घेतलं आणि थोड्याच आठवड्यांत १५ जण दगावले. फ्लोरोयुरॅसिल मोडून टाकणारं एन्झाइमच या औषधाने बंद पाडलं होतं. तेव्हा जपानात पेशंटला कॅन्सरचं नाव सहसा सांगत नसत. आपल्याकडे तरी कुठे सांगतात? ‘गाठीच्या गोळ्या’ म्हणून चालू असतं. असा माणूस एकटा गल्लीतल्या डॉक्टरकडे गेला तर सांगणार तरी काय?

टाटाची फाइल नेताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घाला. बुऱ्हाणपुरात युनानीचं कॉलेज आहे, हकिमांवरचा विश्वासही जुना; तेव्हा माजून, कुश्ते, काढेसुद्धा त्याच पिशवीत. दुखण्यावर काय चालेल ते तिथेच लिहून घ्या, मॉर्फीनचंही विचारा.

पुढच्या आठवड्यात : फ्लोरोयुरॅसिलचीच गोळीतली भावंडं आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन.