चुलीचा धूर आणि आपल्या भगिनींचे आरोग्य



उत्सवातील महाप्रसादाची वाहवा आपण सारेच करतो. परंतु पहाटेपासून चुलीपुढे बसणाऱ्या भगिनींचा खोकला का थांबत नाही, याचा विचार क्वचितच होतो. "वयोमानाने होते" असे म्हणून आम्हीही आजवर तो विषय सोडून देत आलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

लाकूड व गोवऱ्या पूर्णपणे जळत नाहीत. त्यांच्या धुरात अडीच मायक्रॉनहूनही बारीक कण असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसात खोलवर पोहोचतात. तेथे वर्षानुवर्षे दाह होऊन श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. यालाच डॉक्टर 'सीओपीडी' म्हणतात. हा विकार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी सहलेखकासह २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निदर्शनास आणले की, जगात धूम्रपान करणारे सुमारे १०१ कोटी, तर लाकूड-शेणासारख्या इंधनाच्या धुराशी संबंध येणारे सुमारे ३०० कोटी लोक आहेत.

धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो. त्यामुळे गर्भवतीच्या उदरातील बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. मोतीबिंदू, हृदयविकार व फुप्फुसाचा कर्करोग यांचाही धोका वाढतो. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

स्त्रीच्या वाट्याला हा धूर अधिक येतो, कारण ती लहानपणापासूनच चुलीपाशी बसू लागते. परिणाम मात्र बहुधा चाळिशी-पन्नाशीनंतर जाणवतो आणि तोवर गमावलेली श्वासशक्ती परत येत नाही.

१ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. तथापि पुढचे सिलिंडर परवडत नसल्याने कित्येक ठिकाणी चूलही पेटतच राहते. ती पेटवावीच लागल्यास लाकूड वाळलेले असावे, धुराडे असावे, दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि लहान मुलांना व गर्भवतींना दूर ठेवावे. खोकला वा दम महिनोन्महिने टिकल्यास स्पायरोमेट्री ही फुंकर मारून करावयाची साधी तपासणी अवश्य करून घ्यावी.

महाप्रसादाचा स्वयंपाक यापुढे गॅसवर व्हावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. अन्नदानाचे पुण्य पदरी पडताना रांधणाऱ्या हातांचा श्वास कोंडू नये, एवढीच प्रार्थना.



— चिटणीस