अन्न असुरक्षितता, गरिबी आणि लठ्ठपणा : परस्परसंबंध

भूक म्हटले की बरगड्या दिसणारे मूल डोळ्यांसमोर येते. लठ्ठपणा म्हटले की खात्यापित्या घरचा माणूस. 'खात्यापित्या घरचा' या शब्दप्रयोगातच अंगावरचे मांस ही सुबत्तेची खूण मानलेली आहे. भूक आणि लठ्ठपणा एकाच घरात, कधी एकाच व्यक्तीच्या आयुष्यात, एकत्र कसे नांदतात ते या पाठात पाहू.

आधी व्याख्या. १९९६ साली रोम येथे भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेनुसार, सर्व लोकांना निरोगी व सक्रिय जीवनासाठी पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न सर्व काळ मिळू शकणे म्हणजे अन्नसुरक्षा. यातील 'पोषक' आणि 'सर्व काळ' हे शब्द अधोरेखित करा. पोट भरते पण ताटात डाळ, भाजी, अंडे नाही; किंवा महिन्याच्या आरंभी सर्व आहे आणि अखेरीस काही नाही, असे कुटुंबही अन्न असुरक्षितच असते.

'पोषक' या शब्दाचा संबंध खिशाशी आहे. पन्नास ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांतून सुमारे २२५ किलोकॅलरी मिळतात. तेवढ्याच टोमॅटोमधून मिळवायच्या तर किलोभराहून अधिक टोमॅटो लागतील. आता तुमच्या गावातले दोन्हींचे भाव शेजारी मांडून पाहा. पैसे कमी पडू लागले की कुटुंब आधी फळे, दूध, डाळ कमी करते. भात, पोळी, तेल, साखर शेवटपर्यंत टिकतात, कारण रुपयामागे सर्वांत जास्त ऊर्जा तीच देतात. शिवाय बिस्किटे नासत नाहीत आणि ती शिजवायला गॅस लागत नाही. दिवसभर मजुरी करून आलेल्या बाईच्या दृष्टीने हाही खर्चाचाच भाग आहे. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण तो काटेकोर हिशेब आहे. त्यातून ऊर्जा भरपूर आणि प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे अपुरी, असा आहार तयार होतो.

'सर्व काळ' या शब्दाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते विल्यम डाएट्झ या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने. १९९५ साली त्यांनी सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबातील एका सात वर्षांच्या लठ्ठ मुलीची नोंद प्रसिद्ध केली. मदतीचा पुढचा हप्ता येण्यापूर्वी घरातले पैसे संपत आणि त्या दिवसांत स्वस्त, चरबीयुक्त पदार्थांवर भागवावे लागे. भूक लठ्ठपणाला कारणीभूत ठरते का, असा प्रश्न त्यांनी विचारला. एका मुलीच्या नोंदीवरून सिद्धान्त होत नाही. पण पुढील अनेक अभ्यासांत असा संबंध दिसला, आणि तो विशेषतः स्त्रियांमध्ये. आपल्याकडेही घरात टंचाई आली की ताट आधी बाईचेच रिकामे होते.

तिसरा दुवा जन्माआधीचा आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. स्नायू आणि पोटाचा घेर यांत पुण्याची बाळे बरीच मागे होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००३ साली त्यांनी याला 'कृश पण स्थूल' बाळ असे वर्णन दिले. आईची उपासमार अशी पुढच्या पिढीच्या शरीरात उतरते. अशा शरीराला पुढे भरपूर ऊर्जा मिळू लागली की मधुमेहाचा धोका वाढतो.

आता देशाचे आकडे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के अतिवजनी वा लठ्ठ आढळल्या. ५७ टक्क्यांना रक्तक्षय होता. बेरीज शंभराच्या जवळ जाते म्हणून हे तीन वेगळे गट समजू नका. वजन जास्त आणि रक्तात लोह कमी, अशा स्त्रिया पुष्कळ आहेत.

येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेत लठ्ठपणा गरीब स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, भारतात तो अजूनही सधन गटांत आणि शहरांत अधिक आहे (शहरी स्त्रिया ३३.२ टक्के, ग्रामीण १९.७). त्यामुळे 'भारतात गरिबीमुळे लठ्ठपणा येतो' असे उत्तरपत्रिकेत सरसकट लिहिणे चूक ठरेल. वजनवाढ आता फक्त श्रीमंतांपुरती राहिलेली नाही, आणि गरीब घरात ती आली की तपासणी व औषधोपचाराला पैसा नसतो, एवढे मात्र नक्की म्हणता येते.

धोरणाचा प्रश्न इथेच उभा राहतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते. या धान्याने असंख्य घरांतली चूल पेटती ठेवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कायद्याने मोजले ते किलो. ताटातली विविधता नव्हे. काही राज्यांनी यात स्वतःची भर घातली. तमिळनाडूच्या रेशन दुकानांत सवलतीच्या दरात तूरडाळ मिळते, आणि पामतेलही. त्याच राज्यात ४०.४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा लठ्ठ आहेत. पामतेलाकडे लगेच बोट दाखवण्याआधी हे राज्य किती शहरी आणि तुलनेने किती सधन आहे तेही पाहा, आणि मग आपल्या राज्याचे आकडे व आपल्या रेशन दुकानाचा फलक शेजारी ठेवून तीच तुलना वहीत करा.