पंच तोच आमदार

26 जानेवारीची सकाळ. झेंडावंदन उरकून शाळेची पोरं खाऊची पुडी घेऊन पांगली आहेत आणि देवळापुढच्या मंडपात ग्रामसभेसाठी सतरंज्या अंथरल्या जात आहेत. औंधच्या शेजारचं हे गाव पूर्वी संस्थानातलं. समोर मूळपीठाचा डोंगर आहे, त्यावर यमाईच्या देवळाचा तट उन्हात स्वच्छ दिसतो. शिवारात शाळू हुरड्याला आलाय, पाखरं राखायची आहेत, त्यामुळे गडीमाणसं उशिरानं येतात.

ग्रामसेवक हजेरीची वही फिरवतात. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी, तेवढी माणसं बसायला हवीत, नाहीतर सभा तहकूब. तहकूब सभेला ही अट नसते, म्हणून सभा तहकूब झालेलीच बरी वाटणारी गावंही मी पाहिली आहेत. इथे तसं होत नाही. वरच्या आळीच्या बायका एका घोळक्यानं येऊन पुढंच बसतात.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून संपतंय न संपतंय तोच त्यांतली एक उठते. "ताई, आमच्याकडं पाणी चढतच न्हाई. खालच्या आळीत नळ वाहतुया आन् आमी हांडं घेऊन बसतूया."

ग्रामपंचायतीच्या सदस्य ताई उभ्या राहतात. आवाज चढवत नाहीत. वरच्या आळीला आधी पाणी सोडायचं, तासाभरानं व्हॉल्व्ह फिरवून खालच्या आळीला, असं त्या सुचवतात. खालच्या आळीतून लगेच कालवा उठतो. ताई वेळ लिहून घेतात, कुणाची गुरं किती वाजता पाण्यावर येतात तेही विचारतात. खटाव-माणच्या या दुष्काळी पट्ट्यात पाण्याचा तासभर म्हणजे काय, हे मंडपातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बराच वेळ घासाघीस चालते आणि अखेर दोन्ही आळ्या माना डोलावतात.

मागून एक तरुण ओरडतो, "ताई, पुढच्या बारीला पंचायत समिती! मग आमदारकी!" टाळ्या पडतात.

माझ्या शेजारी बसलेले आबा टाळ्या वाजवत नाहीत. "पूर्वी औंधात पंच हुता, त्योच आमदार हुयाचा," ते मला हळूच सांगतात. "पर गाव सोडून जायाचा न्हाई."

आबा ऐकीव सांगतात, पण खरं सांगतात. 1938 च्या नोव्हेंबरात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, म्हणजे भारतानंद, हे दोघे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्यानं राज्यघटना घडली. 21 जानेवारी 1939 ला ती औंधात लागू झाली. संस्थान जेमतेम बहात्तर गावांचं आणि तेही विखुरलेलं: औंध इथे, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ विजापुराकडे. गावानं पाच पंच निवडायचे. पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती. त्या समितीनं आपल्यातली माणसं विधिमंडळात पाठवायची. औंधच्या सभेत कायद्यावर बोलणारा माणूस गावात परतला की पुन्हा बांधाचं भांडण आणि विहिरीचा वाद ऐकायला पारावर बसे.

या रचनेत खोट नव्हती असं मी म्हणणार नाही. सामान्य मतदाराचा हात थेट विधिमंडळापर्यंत पोचत नव्हता, आणि भावकीचा जोर असलेल्या गावात अध्यक्ष कोण होणार हेही बहुतेक ठरलेलंच असणार. तरीही मला ती रचना मोलाची वाटते. मतदाराला तोंड दाखवल्यावाचून आमदाराचा एक आठवडाही जात नसे. आज पंचाची खुर्ची ही पहिली पायरी समजली जाते, आणि वर गेलेला माणूस खाली येऊन नळाच्या व्हॉल्व्हवर बोलला तर लोक त्याची पडती झाली म्हणतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

8 मार्च 1948 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि औंधचं विधिमंडळ संपलं. त्याच वर्षी आप्पासाहेब भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले. पंचायतींना भारताच्या राज्यघटनेत ठाम जागा मिळायला पुढे 73 वी दुरुस्ती, म्हणजे 1992 साल उजाडावं लागलं. समोरच्या ताई पंचायतीत निवडून येऊ शकल्या, त्यात त्या दुरुस्तीनं दिलेल्या महिला आरक्षणाचा वाटा आहे. औंधच्या घटनेपेक्षा हे पाऊल मला मोठं वाटतं.

मंडपात ठराव लिहिला जातोय. सूचक वरच्या आळीचा, अनुमोदक खालच्या आळीचा, असा ताईंचा आग्रह आहे आणि तो मान्य होतो. आबा काठी टेकत उठतात. "जमाखर्च वाचा आता," ते म्हणतात, "सगळा वाचा, बेरजेसकट." ग्रामसेवक पाण्याचा घोट घेतात, चष्मा पुसतात आणि घरपट्टीपासून सुरुवात करतात.