गप्प बसणारा शिक्षक

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेची पहिली तुकडी १९६९ साली दाखल झाली. डीन जॉन इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी व्याख्यानांना जवळपास रजाच दिली. लहानसा गट, समोर एका रुग्णाची हकिकत आणि सोबत ट्यूटर. तो त्या विषयातला तज्ज्ञ असावा असा आग्रह नव्हता. उलट तज्ज्ञाला बोलल्याशिवाय राहवत नाही, हीच धास्ती!

ट्यूटरने काय बोलावं, याची घडी मॅकमास्टरमधल्याच हॉवर्ड बॅरोज यांनी बसवली; रॉबिन टॅम्ब्लिन यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९८० साली आलं. समजा, पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या छातीत दुखतंय. एक विद्यार्थी ठोकून देतो, 'हार्ट अटॅक.' ट्यूटर चूक की बरोबर ते सांगत नाही. 'कशावरून?' मग, 'आणखी काय असू शकेल?' मग, 'ते ठरवायला काय माहीत हवं?' इथे गट अडतो, अडलेलं फळ्यावर लिहितो आणि वाचायला निघतो. पण गट पहिल्याच उत्तरावर खूश असताना दुसरा प्रश्न नेमका कधी टाकायचा, हे छातीदुखीची दहा कारणं ज्याला ठाऊक आहेत त्यालाच कळणार.

'तज्ज्ञ नसला तरी चालेल' हे तत्त्व इथेच लंगडं पडलं. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या वैद्यकीय शाखेने १९७४ पासून ही पद्धत सात पायऱ्यांत बांधली. वरच्या वर्गातले विद्यार्थीही तिथे ट्यूटर होत. तिथल्याच हेंक श्मिट आणि सहकाऱ्यांना १९९३ मध्ये दिसलं, की विषय जाणणाऱ्यांचे गट सरस ठरतात. दोन वर्षांनी त्यांनी पुढची गोष्ट मांडली: ज्ञानाबरोबर विद्यार्थ्याविषयी आस्था आणि त्याला कळेल असं बोलण्याची हातोटीही लागते. वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही हे आधीच सांगता आलं असतं म्हणा.

२००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षणाच्या अभ्यासकांनी या पद्धतीवर 'किमान मार्गदर्शन' असा शिक्का मारून ती मोडीत काढली. पुढच्याच वर्षी ह्मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं, की इथे मार्गदर्शन भरपूर असतं. मला हे उत्तर पटतं. फक्त ते मार्गदर्शन करणारा माणूस हजर हवा.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात स्वयंअध्ययनाचे तास आले. दीडशे-दोनशेच्या तुकडीत ते 'जा, वाचून या' एवढ्यावर आटोपू शकतात. वेळापत्रक आखणाऱ्यांनी आधी गटांना पुरतील इतके शिक्षक नेमावेत, तास मग वाढवावेत.