केळ्यातला कण, डोळ्यातली गाठ

फैजपूर-सावद्याच्या रस्त्याने केळीचे ट्रक जाताना पाहिलेत ना? त्यातलं एक केळं हातात घ्या. त्यात पोटॅशियम असतं आणि त्याच्या दहा हजार अणूंत एखादा किरणोत्सारी. म्हणजे ते केळं सेकंदाला दहा-पंधरा बीटा कण सोडतंय! खा खुशाल, तुमचं शरीर तर हजारो सोडतं.

असेच बीटा कण डोळ्यातली गाठ आटवतात. ते येतात कुठून? चक्क अणुकचऱ्यातून!

अणुभट्टीत युरेनियम फुटलं की उरणाऱ्या तुकड्यांत रुथेनियम-106 असतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ते वापरलेल्या इंधनातून वेगळं काढून चांदीच्या वाटीदार चकतीत बसवलं. आधी अशा चकत्या परदेशातून यायच्या. सप्टेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ही देशी चकती एका रुग्णाच्या डोळ्याला लावली गेली.

त्याला होता कोरॉइडल हिमॅन्जिओमा, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांची गाठ. हा कर्करोग नव्हे, तरी नजर घालवतो. कशी? गाठीतून पाणी झिरपतं, पडद्याखाली साचतं आणि पडदा सुटतो. किरणांनी वाहिन्या आक्रसल्या की झिरपणं थांबतं, पाणी जिरतं, पडदा पुन्हा बसतो. वेळेत झालं तर गेलेली नजर परतते!

पण गाठ आत आणि चकती बाहेर, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टाके घालून शिवलेली. मग नेमकी जागा कशी सापडते? गाठ काळपट असेल तर डोळ्यात प्रखर प्रकाश सोडतात. अख्खा गोळा आकाशकंदिलासारखा उजळतो, गाठीची सावली बाहेर उमटते आणि डॉक्टर तिच्याभोवती पेनाने खूण करतात.

खरी कमाल आहे ती कणांच्या आखूड पल्ल्याची. केळ्यातल्या कणाच्या अडीचपट जोर असूनही हे काही मिलिमीटरांत दमतात. म्हणून गाठ पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्यांचा उपयोग नाही. पाठीमागे जाणारे बहुतेक कण चांदीच अडवते. मात्र गाठ नजरेच्या नसेला खेटून असली, तर हेच किरण पुढे नजर मंदावू शकतात, आणि तिथे डॉक्टरांचा कस लागतो.

त्यात रुथेनियम साधारण वर्षाला निम्मं होतं. चकती जितकी जुनी, तितके जास्त तास ती डोळ्यावर ठेवावी लागते. किरणांच्या ठरलेल्या मात्रेचा हिशेब भरला की टाके काढायचे, चकती निर्जंतुक करायची आणि पुढच्या रुग्णासाठी नवं गणित मांडायचं.