दवाखान्याची इमारत: ६० दिवस झाले की परवानगी मिळतेच?

समजा, रत्नागिरीत माळनाक्याला एका डॉक्टरांना दुमजली दवाखाना बांधायचाय. आर्किटेक्टने नकाशा काढला, अर्ज नगरपरिषदेत गेला. पुढे काय होतं?

कायदा १९६६ चा, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली निर्णय. विकास आराखड्यात ती जागा कशासाठी आहे, समोरचा रस्ता किती रुंद, बाजूने किती जागा मोकळी, पार्किंग कुठे, हे सगळं तपासतात.

'६० दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळालीच,' असं तुम्ही ऐकलं असेल. हे अर्धंच खरंय. याला मानीव परवानगी म्हणतात, पण प्रस्ताव आराखड्यात आणि नियमांत तंतोतंत बसला तरच. नाहीतर बांधकाम अनधिकृतच! अर्ज नाकारला, तर ४० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

एवढी कटकट कशाला? ९ जानेवारी २०२१ ला भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागली आणि १० बाळं गेली. दवाखान्यातला माणूस स्वतः उठून पळू शकेलच असं नाही. नकाशावरची मोकळी जागा आणि रुंद जिना त्याच्यासाठी असतो.

शेजारी राहताय? मंजूर नकाशासाठी माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपये लागतात. मग नकाशातलं पार्किंग जागेवर आहे का, बघा. नसेल, तर भोगवटा प्रमाणपत्र मिळायच्या आधीच नगरपरिषदेला लेखी कळवा.